आठवा महिना, धरलेली कंबर आणि 'कट्' असा आवाज

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. ३१ आठवडे झालेत, पहिलीच खेप. उजव्या बाजूला कमरेच्या खाली चमक येते, कधी पुढे ओटीपोटाच्या खालच्या हाडावरही दुखतं. घर इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नोकरी सातपूरला, जाणं-येणं स्कूटरवरून. तुमच्या डॉक्टर म्हणाल्या, "होतंच असं, बाळंतपणानंतर जाईल." मग मोबाइलवर हाडं 'कट् कट्' वाजवणारे व्हिडिओ बघून तुम्ही एका कायरोप्रॅक्टिक सेंटरला, म्हणजे हाताने दाब-झटका देऊन मणके आणि सांधे 'बसवून देतो' म्हणणाऱ्यांकडे, फोन केलात. त्यांनी १२ सिटिंगचं पॅकेज सांगितलं, पायाळू बाळही फिरतं म्हणाले, आणि जन्मानंतर बाळाचा कणा 'अलाइन' करून देऊ हे वर. शिवाय जावेचं दोन महिन्यांचं बाळ मान एकाच बाजूला ठेवतं आणि संध्याकाळ झाली की रडून घर डोक्यावर घेतं, त्यालाही तिथेच न्यावं का? सासूबाईंचं म्हणणं, आपली मालिशवाली आहे ना, ही थेरं कशाला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाशकात २२ वर्षं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त गरोदर बायका, बाळंतिणी आणि लहान मुलं यांच्यातच गेली. म्हणजे कायरोप्रॅक्टर हा माझा शेजारचा दुकानदार झाला. तेव्हा माझं बोलणं तेवढं पारखून घ्या. परदेशात रीतसर शिकून आलेल्या एका कायरोप्रॅक्टरबरोबर मी काही वर्षं पेशंटची देवाणघेवाण केली आहे आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. म्हणून 'कायरो चांगलं की वाईट' या प्रश्नात मी पडत नाही. तुमच्या अंगावर नेमकं काय करणार आणि त्याआधी तुम्हाला नीट तपासलं कुणी, एवढंच मी बघते. तुमचं उत्तर आणि दोन महिन्यांच्या बाळाचं उत्तर इथेच वेगळं होतं.

आधी तुमची कंबर. न तपासता सांगते आहे हे धरून चाला, पण तुमच्या वर्णनावरून हे मणक्याचं दुखणं कमी आणि कमरेच्या कड्याचं जास्त वाटतं. पाठीचा कणा खाली जिथे संपत येतो तिथे एक त्रिकोणी हाड असतं. ते दोन्ही बाजूंनी कमरेच्या मोठ्या हाडांना जोडलेलं असतं, त्या सांध्यांना आम्ही एसआय जॉइंट म्हणतो. पुढे ओटीपोटाखाली हीच दोन हाडं एकमेकांना भेटतात. हे तीन सांधे मिळून एक कडं. गरोदरपणात साधारण पाचातल्या एकीला हे कडं दुखतं, म्हणजे तुम्ही काही जगावेगळ्या नाही. रात्री कुशीवर वळताना, एका पायावर उभं राहून सलवार चढवताना, जिन्यात, स्कूटरवर टांग टाकताना कळ येते का? येत असेल तर माझा अंदाज बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे.

अशा बाईला मी टेबलावर उताणं झोपवते. फार वेळ नाही, कारण या दिवसांत उताणं पडलं की पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि घेरी येऊ शकते. मग सांगते, गुडघा न वाकवता पाय वीतभर उचला. बहुतेक जणी हसतात, यात काय एवढं? आणि उचलायला जातात तर पाय टेबलाला खिळा मारल्यासारखा. मग मी दोन्ही तळहातांनी कमरेची हाडं दोन्ही बाजूंनी आत दाबून धरते आणि म्हणते, आता उचला. पाय अलगद वर येतो. मागच्या महिन्यात ओझरहून आलेली एक मुलगी हे झाल्यावर माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, काय केलंत? हाड बसवलंत का?"

काही बसवलं नव्हतं. कडं घट्ट धरायचं काम एरवी पोटाचे आणि नितंबांचे स्नायू करतात. पोट वाढलं की ते ताणले जातात आणि त्यांची पकड ढिली पडते. मी क्षणभर त्यांच्या वाटचं काम हातांनी केलं, इतकंच. त्यातून मला कळलं की तिला पट्ट्याचा आणि स्नायूंच्या व्यायामाचा उपयोग होणार. पण त्याच क्षणी "हो, हाड सरकलं होतं, आता १२ वेळा यावं लागेल," असं मी म्हटलं असतं तर तिने पैसे काढून दिले असते. सगळं पाणी मुरतं ते इथे.

हाड सरकणं हा शब्द आपल्याकडे फार सहज वापरतात. वाटी सरकली, बेंबी सरकली, शीर चढली, तसंच मणका सरकला. एसआय सांधा मुळात हलतो तोच जेमतेम एक-दोन अंश. स्वीडनमध्ये काही रुग्णांच्या हाडांत धातूचे बारीक मणी बसवून, हा सांधा 'बसवण्या'आधी आणि नंतर त्याची जागा क्ष-किरणांनी मोजली होती. तो अभ्यास १९९८ साली छापून आला. तपासणाऱ्यांना हाताला फरक लागला होता, पण हाडांची जागा बदललेली नव्हती. आणि तो आवाज? बोटं मोडताना येतो तोच. सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी तयार होते, त्याचा 'कट्'. म्हणून एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा मोडत नाही, काही वेळ जावा लागतो. व्हिडिओवाले तर मणक्याजवळ माइक लावतात.

मग आराम पडतो तो खोटा का? तसं नाही. सांध्याला झटका किंवा ताण दिला की आसपासचे स्नायू काही वेळ सैल पडतात, दुखण्याचे संदेश मंदावतात, माणूस मोकळा होतो. गरोदर बायकांच्या कंबरदुखीवर असे हाताचे उपचार करून पाहिलेत, थोडाफार फायदा दिसतो. पण अभ्यास छोटे आहेत, आणि व्यायाम व रोजच्या सवयी बदलल्याने मिळतो त्यापेक्षा हा फायदा मोठा आहे असं म्हणायला आधार नाही. शिकलेला कायरोप्रॅक्टर गरोदर बाईवर जोराचा झटका सहसा देतच नाही. कुशीवर झोपवून, पोटाखाली उशी देऊन हळुवार दाब देतो किंवा टेबलाचा एक भाग किंचित खाली पडेल अशी सोय वापरतो. तुम्हाला असा माणूस मिळाला, तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे, आणि तो दोन-तीन वेळांत फरक पडला नाही तर थांबू असं म्हणतो, तर मी आडवी येणार नाही.

आडवी येईन ती मानेसाठी. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत मानेला पिळून झटका कुणालाच देऊ देऊ नका, कितीही मान धरली असली तरी. मेंदूला रक्त नेणाऱ्या काही वाहिन्या मानेच्या मणक्यांतून जातात. त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडणं ही क्वचित घडणारी गोष्ट, पण घडली तर पक्षाघातापर्यंत जाते, आणि बाळंतपणाच्या आसपासच्या दिवसांत या वाहिन्या एरवीपेक्षा नाजूक असतात. आणखी एक, 'अलाइनमेंट बघायला' कुणी एक्स-रे काढू म्हणालं तर तिथूनच उठून या.

आता थोडं माझ्या चुकीबद्दल. प्रॅक्टिसचं चौथं-पाचवं वर्ष होतं. सिन्नरकडची एक बाई आली, ३३ आठवडे, कंबर दुखते म्हणून. एसआय सांधा दाबला की दुखत होता, मी खूश. शेक दिला, दोन व्यायाम शिकवले. जाताना दारात चप्पल घालता घालता ती म्हणाली, "ताई, दुखतं आणि थांबतं, परत दुखतं." मी "हो, असं होतं" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या रात्री ती बाळंत झाली. बाळ तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. आज तो मुलगा बारावीला आहे, आई अजून भेटते तेव्हा प्रेमाने बोलते, आणि मला दर वेळी ती चप्पल घालताना दिसते. त्या दिवसापासून हात लावायच्या आधी मी विचारते, आणि विचारल्यावर उत्तर संपेपर्यंत थांबते.

तर तुम्हीही बघा. कंबर लाटेसारखी, ठरावीक अंतराने दुखत असेल, अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, डोकं ठणकून डोळ्यांपुढे चमकत असेल किंवा चेहरा-हात सुजत असतील, तर फिजिओही नको आणि कायरोही नको, थेट दवाखाना गाठा. ताप आणि थंडीबरोबर एका कुशीत दुखत असेल तर मूत्रपिंडाचा संसर्ग असू शकतो. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर तिथे रक्ताची गुठळी असू शकते, तिला चोळायचं नाही. लघवीवरचा ताबा जाणं किंवा बैठकीची जागा बधिर होणं ही तर मध्यरात्री गाडी काढायची कारणं. यातलं काहीएक न विचारता जो तुम्हाला टेबलावर झोपवतो, त्याच्या भिंतीवर कितीही सर्टिफिकेटं असली तरी उपयोग नाही.

पायाळू बाळाचं वाचून मला आजीच आठवली. आपल्याकडे पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणतात, आमच्या वाड्यातल्या एका काकांना त्यासाठी पंचवटीतून बोलावणं यायचं. बिचारे भिडस्त, लाथ मारताना आधी नमस्कार करायचे. आणि आता पायाळू बाळासाठी आईचीच कंबर बसवायला निघालेत!

गंमत राहू द्या. पायाळू बाळ फिरवण्यासाठी जे करतात ते लॅरी वेबस्टर या अमेरिकन कायरोप्रॅक्टरच्या नावाने ओळखलं जातं. कमरेच्या त्रिकोणी हाडावर हलका दाब आणि पोटाच्या बाजूच्या बंधांवर हात. त्यामुळे बाळ फिरतं हे नीट तुलना करून कुणी दाखवलेलं नाही. हिशेब असा आहे की २८ आठवड्यांना पाचातलं एखादं बाळ पायाळू असतं आणि दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच उरतात. बाकीची आपली आपण डोकं खाली करतात, कुणी काही केलं नाही तरी. मग ३१व्या आठवड्यात उपचार सुरू केला आणि ३४व्याला बाळ फिरलं, तर श्रेय कुणाला द्यायचं? कावळा बसायला आणि फांदी मोडायला. तुम्ही ३६ आठवड्यांपर्यंत निवांत राहा. तेव्हाही बाळ तसंच असेल तर डॉक्टरांना विचारा की पोटावरून हाताने बाळ फिरवता येईल का. हे काम प्रसूतितज्ज्ञांचं. आधी सोनोग्राफी, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष, ऑपरेशन थिएटर हाताशी, आणि तरीही साधारण निम्म्या वेळाच जमतं. सगळ्यांना ते करता येत नाही. वार खाली असेल, जुळं असेल तर विषयच नाही. नाशकात सगळीकडे हे करत नाहीत, काही डॉक्टर थेट सिझेरियनकडे जातात. ती चर्चा त्यांच्याशी मोकळेपणाने करा. पण हे काम सेंटरच्या टेबलावर नको.

आता बाळ. इथे मी मऊ बोलणार नाही. दोन महिन्यांच्या बाळाच्या कण्याला, मानेला झटका, दाब, पीळ, काही नको. 'अगदी बोटाने टोमॅटो दाबतो तेवढाच दाब' असं सांगतील, तरी नको. कारण साधं आहे, फायदा दाखवता आलेला नाही. आणि जिथे फायदा नाही तिथे किंचित धोकाही कशाला पत्करायचा?

संध्याकाळच्या रडण्याचं घ्या. अंगाला लागलेलं, दूध नीट पिणारं, वजन वाढणारं बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातले तीन दिवस तरी रडत असेल तर त्याला कॉलिक म्हणतात. ते सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला जातं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. त्यामुळे दोन महिन्यांच्या बाळाला काहीही करा, गुटी द्या, दृष्ट काढा, मणका दाबा, पुढच्या महिन्यात रडणं कमीच होणार. नॉर्वेमध्ये ८६ बाळांवर एक नीट रचलेला प्रयोग झाला, २००१ साली प्रसिद्ध झाला. काही बाळांच्या कण्यावर उपचार केले, काहींना तेवढा वेळ नर्सने नुसतं धरून ठेवलं, आणि कुणाला काय मिळालं ते आईबापांना सांगितलं नाही. दोन्हीकडची बहुतेक बाळं सुधारली, गटांत फरक नव्हता. जिथे आईबापांना माहीत होतं तिथे मात्र फरक 'दिसला', असं अनेक छोट्या अभ्यासांत झालंय. यात आईला हसण्यासारखं काही नाही. रात्रभर जागलेल्या बाईला कुणी 'मी बघतो' म्हटलं की तिलाच आधी बरं वाटतं.

हे खूळ येतं कुठून? १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी एका बहिऱ्या माणसाचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, अशी कायरोप्रॅक्टिकच्या जन्माची कथा आहे. कानाची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंधच नाही. पण तिथून 'सगळ्या रोगांचं मूळ कण्यात' हा विचार निघाला. आज बरेच कायरोप्रॅक्टर तो सोडून पाठ-मान-कंबर एवढ्यापुरतंच काम करतात. काही मात्र अजून कॉलिक, कानाचा संसर्ग, दमा, अंथरुणात लघवी, सगळं कण्यातून बरं करतो म्हणतात. दम्याचं कॅनडात ८० मुलांवर करून पाहिलं, निकाल १९९८ मध्ये आला. खरा उपचार आणि लुटुपुटुचा उपचार, दोन्हींत फरक नाही. ब्रिटनमध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने २००८ साली अशा दाव्यांवर टीका केली म्हणून तिथल्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने बदनामीचा खटला भरला, आणि २०१० मध्ये तो त्यांना मागे घ्यावा लागला. ऑस्ट्रेलियात दोन आठवड्यांच्या बाळावर केलेल्या उपचाराचा व्हिडिओ फिरला, लोक खवळले, आणि २०१९ पासून तिथल्या नोंदणी मंडळाने दोन वर्षांखालच्या मुलांच्या कण्याला हात घालायला मनाई केली. मधे ती सैल केली होती, २०२४ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी दबाव आणल्यावर पुन्हा लागू झाली. ज्या देशात हा व्यवसाय रीतसर नोंदणीचा आहे तिथे ही खबरदारी. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरसाठी अशी परिषदच नाही. कोण किती शिकला, चूक झाली तर तक्रार कुठे करायची, सगळं अधांतरी.

पण मानेचं काय? हे मला तुमच्या पूर्ण प्रश्नातलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं, आणि तुम्ही ते शेवटच्या ओळीत लिहिलंय. बाळ कायम एकाच बाजूला बघत असेल तर मानेच्या बाजूचा एक स्नायू आखडलेला असू शकतो. उजवा आखडला तर डोकं उजव्या खांद्याकडे कलतं आणि हनुवटी डावीकडे वळते. अशा बाळाला मी आईच्या मांडीवरच तपासते. एक बोट कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे हळूच फिरवलं की कधी कधी त्या स्नायूत चिंचोक्याएवढी टणक गाठ लागते. आया घाबरतात. ती गाठ म्हणजे स्नायूतलाच घट्ट झालेला भाग असतो, बहुतेकदा काही महिन्यांत विरते. अर्थात गाठ कसली आहे ते बालरोगतज्ज्ञांनी बघायचं, मी किंवा तुम्ही ठरवायचं नाही. मान कलण्याची दुसरी कारणंही असतात, मानेचे मणके जन्मतःच जुळलेले असणं, डोळ्यांचा तिरळेपणा. तपासणी न करता मानेला हात घालायचा नाही तो यासाठी. अशा बाळांचे खुब्याचे सांधेही तपासून घ्यायचे असतात, कारण दोन्ही गोष्टी कधी कधी जोडीने येतात.

आखडलेला स्नायूच निघाला तर उपाय घरचाच आहे, फक्त चिकाटीचा. दर वेळी लंगोट बदलताना मान हळूच दुसरीकडे वळवून धरायची, ती नेमकी कशी ते एकदा शिकून घ्यायचं. बाळ ज्या बाजूला बघत नाही त्या बाजूला खुळखुळा, दिवा, आईचा चेहरा. पाळण्यात पायाची बाजू उशाला करायची, म्हणजे दाराकडे बघायला त्याला मान वळवावीच लागते. जागं असताना, कुणीतरी समोर बसून, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथं घालायचं. झोपवायचं मात्र उताणंच. तीन महिन्यांच्या आत सुरू केलं तर बहुतेक माना एवढ्यावरच सरळ होतात. उशीर झाला की डोकं एका बाजूला चपटं होत जातं आणि काम लांबतं. तुमच्या जावेकडे अजून वेळ आहे, पण पॅकेजमध्ये घालवण्याइतका नाही.

सासूबाईंना मी पूर्ण चूक म्हणणार नाही. कोमट तेलाने हलक्या हाताची मालिश बाळाला आवडते, आईला तेवढीच झोप मिळते, आणि मालिशवाल्या मावशी चार घरच्या गोष्टी सांगून बाळंतिणीला हसवतात, हे औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही. भांडण आहे ते पाय धरून उलटं टांगण्याशी, हात-पाय आडवेतिडवे ताणून कटकट वाजवण्याशी, डोकं गोल व्हावं म्हणून दाबण्याशी, नाका-कानात तेल सोडण्याशी आणि छाती पिळण्याशी. कायरोला नाही म्हणायचं आणि मावशींना मान 'मोकळी' करू द्यायची, हे दुटप्पी होईल. मावशींना "मानेला आणि टाळूला हात नको" असं स्पष्ट सांगा. सासूबाईंच्या तोंडून सांगितलंत तर जास्त ऐकतील.

थोड्या मोठ्या मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण कुणीतरी विचारेलच. दप्तराने कणा वाकडा होत नाही, आणि वाकडा झालेला दाबून सरळ होत नाही. मुलाला पुढे वाकवून पाठीमागून बघा, एका बाजूच्या फासळ्या वर दिसल्या तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, ताप, लंगडणं, हेही तिकडेच.

आता तुमचं. डॉक्टरांना पुन्हा जाऊन सांगा की मला नुसतं "होतंच" नको, फिजिओकडे चिठ्ठी द्या. फिजिओकडे जाल तेव्हा राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आम्हा फिजिओंची परीक्षा आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच असते, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून 'कायरो' अशी पाटी लावणारे आमच्यातही आहेत. आगाऊ पैसे कुणालाच देऊ नका, मलासुद्धा.

तोवर घरी एवढं करा. सलवार-लेगिंग खाटेवर बसून घाला. कूस बदलताना गुडघे एकत्र दाबून, आख्खं अंग एकदम वळवा, झोपताना गुडघ्यांच्या मधे पोटऱ्यांपर्यंत जाईल अशी लांब उशी घ्या. रिक्षात आधी बसायचं, मग दोन्ही पाय मिळून आत. जिना एकेक पायरी, आधी न दुखणारा पाय वर, उतरताना दुखणारा आधी खाली. दिवसात एकच फेरी होईल अशी कामं बांधा, दूध-भाजीसाठी दोरीची पिशवी खाली सोडा, यात लाज कसली. 'फरशी पुसली की बाळंतपण सोपं जातं' हे ऐकून उकिडवं बसू नका, पुढचं हाड दुखत असताना पाय फाकवून बसणं म्हणजे जखमेवर मीठ. भिंतीला पाठ टेकून बसायचं, गुडघ्यांमधे उशी, श्वास सोडताना ओटीपोट हलकं आत आणि उशी हलकी दाबायची, पाच मोजेपर्यंत, दहा वेळा. उशी दाबताना पुढचं हाड दुखलं तर तेवढं सोडून द्या. स्कूटर मात्र आता बंद. एका बाजूला पाय सोडून मागे बसणं त्याहून वाईट, त्यात कंबर पिळलेलीच राहते.

पट्ट्याचं शेवटी सांगते, कारण दहातल्या आठ जणी तो चुकीचा लावून येतात. मेडिकलमध्ये मागितलात तर बाळंतिणीचा रुंद पोटपट्टा हातात देतील, तो नको. चार-पाच बोटं रुंदीचा, कमरेच्या कड्याचा पट्टा मागा. माप पोटाचं नाही, नितंबांचं घ्यायचं. लावायचा पोटाच्या खाली, मांडीच्या वरच्या हाडाच्या टेंगळावरून, उभं राहून, आत तळहात सरकेल इतपत घट्ट. चालताना, जिना चढताना लावा, झोपताना काढा. लावून उताण्या पडा आणि पाय वीतभर उचलून बघा. हलका वाटला तर मला इथेच कळवा, पुढचे व्यायाम सांगते. नाही वाटला तर पट्टा परत करा, बिल जपून ठेवा. आणि जावेला आजच फोन करा, बाळाला याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा.